ज्योत जांभळीच होती

प्रमिला तांबे गेल्याचं मला आमच्या शाळेच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळी चहा घेताना फोन हातात घेतला, तर आधी कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक, मग गुडघेदुखीवरचा एक उपाय, आणि त्याखाली ती बातमी... सोबत बाईंचा जुना फोटो, स्नेहसंमेलनाच्या ग्रुपफोटोतून कापून काढलेला. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचा तरी खांदा राहून गेला होता. तो माझाच, हे मला कोटावरून कळलं. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती. मीही तसेच हात जोडून पाठवले. दुपारी आमच्या एका माजी सहकाऱ्याने लिहिलं, "बाई हुशार होत्या, कष्टाळू होत्या. त्या एका चुकीने मात्र सगळं धुऊन नेलं." त्यावरही लोकांनी हात जोडले. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं... आणि शेवटी मीही हात जोडले.

याला आता काही आठवडे झाले. बाईंच्या वर्गात एका मुलाचा डोळा गेला होता आणि तो बाईंच्या निष्काळजीपणामुळे गेला, असं आमच्या शाळेत आजवर मानलं जातं. ते खरं नाही. तो माझ्यामुळे गेला. मी आता ऐंशीच्या घरात आहे आणि हे माझ्याशिवाय सांगू शकेल असं दुसरं कुणी उरलेलं नाही. पण आधी बाई शिकवायच्या कशा ते सांगायला हवं. त्या एका दुपारपलीकडची त्यांची आठवण कुणी काढतच नाही.

आमची शाळा परळ आणि लालबागच्या मधली, मराठी माध्यमाची. बाई नोकरीला लागल्या तेव्हा गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप घरी बसलेले होते. मी विज्ञानप्रमुख होतो, प्रयोगशाळेची किल्ली माझ्या खिशात असायची. बाई घोडपदेवच्या चाळीत वाढलेल्या, बौद्ध कुटुंबातल्या, वडील गिरणीत बॉयलरवर. रसायनशास्त्राची पदवी त्यांनी पहिल्या वर्गात मिळवली होती. मी दुसऱ्या वर्गातला. हे मला ठाऊक होतं, पण स्टाफरूममध्ये ते कुणाला सांगावंसं मला वाटलं नाही. बाईंची नेमणूक राखीव जागेवर झाली आहे एवढं मात्र न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "तांबे बाईंचं चिन्ह सीयू!" वर्ग खिदळला. मी व्हरांड्यातून चाललो होतो, आता बाई रडणार म्हणून थांबलो. बाई म्हणाल्या, "बरोबर. आणि तांबं घासल्याशिवाय चमकत नाही. ये पुढे, फळा घास." पोरगा निमूट येऊन फळा पुसून गेला. जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून बाई म्हणाल्या, "चिन्ह पाठ आहे ना तुझं? मग मागे कशाला बसतोस? उद्यापासून पुढे."

अणूची रचना आणि आवर्तसारणी हे धडे मला स्वतःला कधीच रंगवता आले नाहीत. मी तक्ता टांगायचो, पहिली वीस मूलद्रव्यं घोकून घ्यायचो आणि अडकेल त्याला उभं करायचो. बाईंनी तक्ता कपाटातच ठेवला आणि फळ्यावर चाळ काढली. मी एकदा मागे बसून तो तास ऐकला आहे. "अणूच्या मध्ये केंद्रक. म्हणजे घरातलं लोखंडी कपाट आणि म्हातारी आजी. सगळं वजन तिथे, जागचं हलत नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे घरातली बाकीची माणसं. आतल्या कवचात दोघंच मावतात, पुढच्यात आठ. आत जागा संपली की आपण काय करतो?"

"गॅलरीत झोपतो!" सगळा वर्ग एकदम.

"गॅलरीत कोण झोपतं?"

"काका!" "माझा मामा, बाई! तो घोरतो पण!"

"बरं. तर सोडियमच्या घरात आत दोन, मग आठ, आणि एक मामा गॅलरीत. आता सांगा, घर सोडून जायला सगळ्यात आधी कोण तयार?"

अभ्यासक्रमात संयुजा म्हणून जे काही होतं, ते त्या मामाने दहा मिनिटांत समजावून दिलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, हे चाळीचं विज्ञान बोर्डाच्या पेपरात येणार नाही." त्या हसल्या. "सर, बोर्डाचा पेपर चाळीतलीच पोरं लिहिणार आहेत ना?"

त्यांची स्वतःची चाळ तर जणू याच कामासाठी बांधलेली. सगळ्यात वर गच्चीच्या दोन टोकांना दोनच खोल्या. त्याखाली आठ खोल्यांचा मजला, त्याखाली पुन्हा आठ खोल्यांचा. तळमजल्यावर डावीकडे दोन खोल्या आणि पुढे बंद पडलेलं गोदाम. दोन, आठ, आठ, दोन... पहिली वीस मूलद्रव्यं जिथल्या तिथे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या वर्गाला चाळीच्या अंगणात घेऊन गेल्या, मीही कुतूहलाने गेलो. प्रत्येक दाराच्या चौकटीवर निळ्या खडूने चिन्ह लिहिलेलं. गच्चीच्या एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला हेलियम. उजवीकडच्या कडेची उभी ओळ राजवायूंची, कुणात न मिसळणारी. "बाई, अरगॉनमधल्या आजी खरंच कुणाशी बोलत नाहीत!" एक मुलगी म्हणाली. "हळू गं, ऐकायला येतं त्यांना," बाईंनी दटावलं. डावीकडची उभी ओळ अंगणातून मला नीट दिसत होती... हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम. त्यातली सोडियमची खोली बाईंची.

पाणी यायची वेळ झाली होती. बाई मुलांना म्हणाल्या, "या डावीकडच्या खोल्यांना वरपासून खालपर्यंत एकच पाइप. एका पाइपावरची माणसं म्हणजे एक गण. स्वभाव सारखा. पण वरच्या मजल्यावर नळ सोडला तर करंगळीएवढी धार. माझ्याकडे अंगठ्याएवढी. आणि तळमजल्यावर?" तळमजल्यावर बादली लावून बसलेल्या काकूंनीच उत्तर दिलं, "धडाधडा येतं! व्हा बाजूला, भिजाल सगळी!" मुलं हसत मागे सरली. बाई म्हणाल्या, "हे लक्षात ठेवा. पाइप एकच, पण जसं खाली जाल तसा जोर वाढतो. सोडियमला जेवढं जपाल, त्याच्या दुप्पट खालच्याला जपायचं." हे त्यांचं वाक्य मी तेव्हा सहज ऐकलं. पुढे ते मला झोपू देणार नव्हतं.

सोडियम आणि पोटॅशियम हे धातू उघड्यावर ठेवता येत नाहीत, रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागतात. रॉकेल झिरपतं आणि बाटल्यांची लेबलं गळून पडतात. पुढे एका वर्षी शिक्षण खात्याची तपासणी आली, तेव्हा आमच्या शाळांतून होतं ते सगळं झालं. भिंतींना चुना, कुंड्यांना गेरू, आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर नवं लेबल. माझं अक्षर वळणदार, त्याचा मला अभिमान. कपाटाच्या खालच्या फळीवर रॉकेलच्या दोन बाटल्या होत्या. एकीवर 'सोडियम' असं पुसट दिसत होतं, दुसरीवर काहीच नव्हतं. आत दोन्हीकडे सारखेच मळकट गोळे. शाळेने पूर्वी कधी पोटॅशियम घेतलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. कड कापून ज्योतीवर धरली असती तरी कळलं असतं. पण साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. मी दोन्ही बाटल्यांवर सुंदर अक्षरात 'सोडियम' लिहून चिकटवलं. साहेबांनी प्रयोगशाळेच्या टापटिपीचं खास कौतुक केलं.

काही महिन्यांनी बाईंनी नववीच्या वर्गासाठी सोडियमचा प्रयोग ठेवला. पाण्यावर बारीकसा तुकडा सोडायचा, तो वितळून गोळी होतो आणि चुरचुरत पाण्यावर धावत सुटतो. मुलांना फार आवडणारा प्रयोग. तासाच्या आधी बाई बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "सर, यातल्या गोळ्यावर पिवळट साल आली आहे. सोडियमवर अशी नसते." मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "बाई, लेबल वाचा ना. जुना माल आहे, साल काढून टाका." त्या क्षणभर घुटमळल्या. मला आजही त्यांच्या चपलांचा तो थांबलेला आवाज आठवतो. मग त्या गेल्या.

बाई वर्गात प्रत्येकाला एकेक मूलद्रव्य वाटून द्यायच्या. त्या वर्षी सोडियम होता नितीन. लालबागचा, मालवणकडच्या घरातला, चुळबुळ्या पोरगा. आपल्या मूलद्रव्याचा प्रयोग म्हणून तो सगळ्यांच्या पुढे, काचेच्या पसरट भांड्याशी उभा होता. त्याला इतकं जवळ उभं करायला नको होतं, हे बाईंनी पुढे स्वतःहून, कुणी न विचारता मान्य केलं. डोळ्यांवर लावायचे चष्मे शाळेकडे नव्हतेच, ते मागवायचं काम माझं होतं. बाईंनी तुकडा कापला, टिपकागदावर कोरडा केला आणि पाण्यात सोडला. मी दोन खोल्या पलीकडे होतो. मला फक्त फाडकन आवाज आला आणि मग मुलींची किंचाळी. धावत गेलो तर टेबलावर पाणी सांडलेलं, नितीन तोंडावर हात दाबून खाली बसलेला, आणि बाई त्याची मान मागे धरून कळशीतलं पाणी सारखं त्याच्या डोळ्यावर ओतत होत्या. त्यांचा स्वतःचा हात भाजला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "टॅक्सी बोलवा, सर! टॅक्सी!" एवढंच त्या ओरडल्या. टॅक्सीत मुलाला मांडीवर घेऊन त्याच गेल्या. डावा डोळा वाचला नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रयोगशाळा आतून लावून घेतली. बाटलीतल्या गोळ्याचा कण तारेवर घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरला आणि निळ्या काचेतून पाहिलं. कॉलेजात शिकलेली परीक्षा. सोडियमची ज्योत पिवळी, निळ्या काचेतून ती दिसेनाशी होते. मला जे दिसलं ते दिसेनासं झालं नाही. सोडियमच्या खालच्या घरातला, एकाच पाइपावरचा... मी बर्नर बंद केला. मग बाटलीतला उरलेला सगळा गोळा बारीक बारीक कापून, स्पिरिटमध्ये थोडा थोडा विरघळवून मोरीत ओतला. लेबल खरवडून काढलं, बाटली धुऊन पालथी घातली. चूक कुणाच्याही हातून होते असं लोक म्हणतात. लेबलाची ती चूक असेलही. पण मोरीपाशी उभा राहून मी जे केलं ते मला नीट कळत होतं.

चौकशीला मुख्याध्यापक आणि संस्थेचे दोन सदस्य बसले. तिघांपैकी कुणाचाही विज्ञानाशी संबंध नव्हता. बाईंच्या हाताला पट्टी होती. त्या म्हणाल्या, "माझी एक चूक आहे, मुलाला जवळ उभं केलं. पण तुकडा मोठा नव्हता. आणि ज्योत जांभळी होती. सोडियमची ज्योत जांभळी नसते, पिवळी असते. त्या बाटलीत सोडियम नव्हतं."

एक सदस्य वैतागून म्हणाले, "अहो बाई, मुलाचा डोळा गेलाय आणि तुम्ही रंगांचं काय घेऊन बसलात?"

मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेतली बाटली मागवली. आता एकच उरली होती, खऱ्या सोडियमची. मग ते माझ्याकडे वळले. "सामंत सर, तुम्ही प्रमुख. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "सोडियमची ज्योत पिवळीच असते. बाई घाबरल्या असतील." दोन्ही वाक्यं ऐकायला खरी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. एखाद्या हुशार मुलाने सोपं उत्तर चुकवलं की शिक्षक बघतात तसं पाहिलं, आणि खाली बघून पट्टी नीट केली. त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त त्यांनाच कळलं होतं की दुसरी बाटली होती आणि आता ती नाही.

त्यानंतर बाईंकडून विज्ञान काढून घेतलं. कार्यानुभव आणि वाचनालयाचे तास दिले, ते निवृत्तीपर्यंत. कागदाच्या पिशव्या, कापडी फुलं... पहिल्या वर्गातली रसायनशास्त्राची पदवीधर बाई मुलांना कापडी फुलं शिकवत होती. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, "कोट्यातून भरलं की हे असंच व्हायचं." सगळ्यांनी मान डोलावली. मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो. तो घोट मला आजही गिळता येत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तेव्हा तो सहज गेला. पुढे मी पर्यवेक्षक झालो, मग मुख्याध्यापक. माझ्या निरोप समारंभात 'स्वच्छ कारकीर्द' हे शब्द तिघांच्या भाषणांत आले. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी शिकवणं काही सोडलं नाही. चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी पोरं गोळा करायच्या, हे मी ऐकून होतो. अधूनमधून भेटायच्या, बहुतेक दादरच्या भाजीबाजारात. "काय सर, गुडघे काय म्हणतात?" एवढंच. दर वेळी मी ठरवायचो की पुढच्या भेटीत बोलायचं. पुढच्या भेटीत भाजीच्या भावावर बोलणं व्हायचं.

शेवटची भेट परळच्या एका रुग्णालयात. गेल्या पावसाळ्यानंतर त्या आजारी पडल्या, हे कळल्यावर मी शहाळं घेऊन गेलो. पलंगाच्या कडेला त्यांची पुतणी करुणा बसली होती. ती एका बँकेत नोकरी करते, बाई तिच्याच कुटुंबासोबत राहायच्या. बाई फार बारीक झाल्या होत्या, आवाज मात्र तोच. करुणा औषधं आणायला खाली गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, एक तोंडी परीक्षा घेऊ का तुमची?"

"घ्या."

"ज्योत कुठल्या रंगाची होती?"

मी शहाळ्याकडे बघत राहिलो. यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "बाई, इतकी वर्षं झाली... आठवत नाही आता."

बाई हसल्या. "नापास," म्हणाल्या आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, "पुरवणी परीक्षा असते, सर." त्यांना झोप लागली आहे असं स्वतःला समजावून मी बाहेर पडलो. ती परीक्षा मी त्यांच्यासमोर कधीच देऊ शकलो नाही.

बाई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी घोडपदेवला गेलो. अंगणात मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना, मग आठवणी. बाईंकडे गॅलरीत शिकलेली किती माणसं होती तिथे... एक नर्स, एक फार्मसिस्ट, एक बसचा कंडक्टर, विमानतळावर काम करणारी एक मुलगी. करुणा माझ्यापाशी आली. "सर, तुम्ही आत्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काम केलंत. दोन शब्द बोला ना." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई शिस्तप्रिय होत्या, विद्यार्थिप्रिय होत्या." आणि खाली बसलो. वर पाहिलं तर प्रत्येक दाराच्या चौकटीवर अजून ती चिन्हं होती. खडूची आता निळ्या ऑइलपेंटची झाली होती. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "नाही ओ, कॅल्शियममधले ते नाहीत, ते कार्बनमधले. कॅल्शियमवाले गावाला गेलेत."

मांडवातून घरी आलो, पण घरात बसवेना. नितीन हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात आहे हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं अशा वेळी तिथे गेलो. आता पंचेचाळिशीचा असेल, पोट सुटलेला, एक डोळा काचेचा. "या सर, या! मॅडमसाठी बघताय?" म्हणून त्याने गादीवर बसवलं. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली हे त्याला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "नितीन, त्या दिवशीची ज्योत तुला आठवते?"

तो उठला, मागच्या फळीवरून एक साडी ओढली आणि माझ्यापुढे फर्रकन उलगडली. फिकट जांभळी, कडेला किंचित गुलाबी झाक. "आमच्यात याला लव्हेंडर म्हणतात. हा रंग, सर. डाव्या डोळ्याने शेवटचं हेच बघितलं मी. हॉस्पिटलात दहा वेळा बोललो, जांभळं होतं, जांभळं होतं. कुणी विचारलंच नाही पुढे."

मग मी त्याला सांगितलं. लेबल, पिवळी साल, बर्नर, मोरी, चौकशी. त्याचे हात साडीची घडी घालत होते, ते मध्येच थांबले. गल्ल्यावरचे शेठ आमच्याकडे बघत होते. मला वाटलं होतं तो ओरडेल, कॉलर धरेल. तो हळू आवाजात म्हणाला, "डोळा गेला तो गेला, सर. एका डोळ्याने पण मी रंग ओळखतो, पोट भरतो. पण बाई आमच्या घरी आलेल्या, माहितीये तुम्हाला? तीनदा. आईने दारातूनच हाकलली. उंबऱ्याच्या आत नाय घेतलं. 'तुजा कधी बरा होवचा नाय' बोललेली तिला, सगळ्या चाळीसमोर. आणि बाई खाली मान घालून उभी. माझ्यासाठी आणलेली चित्रांची पुस्तकं जिन्यावर ठेवून गेली." त्याने साडी बाजूला सरकवली. "आमच्या घरात शिवी होती हो बाईचं नाव. मी पण दिली. आई तेच मनात धरून गेली. आता तिला जाऊन कोण सांगणार? तुम्ही?"

मी म्हणालो, "मला माफ कर, असं म्हणायलाही माझी जीभ..."

"नका म्हणू," तो म्हणाला. "ते माझ्याकडे नाहीच. ज्यांच्याकडे होतं त्या दोघी गेल्या. तुम्ही हे पेपरात लिहा. नाव घालून. माझं, बाईचं, तुमचं. लोक वाचतील असं." मग एका गिऱ्हाइकाने हाक मारली आणि तो "या ताई" म्हणत उठला. मी जाईपर्यंत त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणून हे लिहितो आहे. छापायला देण्याआधी करुणाला सांगणं भाग होतं. गेल्या रविवारी संध्याकाळी पुन्हा त्या चाळीत गेलो, जिना चढलो आणि पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या दारापाशी थांबलो. चौकटीवर निळ्या रंगात सोडियमचं चिन्ह. खाली बारीक अक्षरात बाईंच्या हातचे आकडे, दोन, आठ, एक. आत बाईंचा फोटो, समोर मेणबत्ती. करुणाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्याला माहीत होतं."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाव नाही घेतलं कधी. पण ती सगळ्यांना एकेक मूलद्रव्य द्यायची ना. मला विचारायची, ओळख बघू कोण. तुमच्याबद्दल म्हणायची, सामंत सर लोखंड आहेत. त्यांचं आतून चाललेलं असतं, पण फार सावकाश. गंज वर दिसेल तेव्हा मी नसेन." करुणा दाराकडे बघत राहिली. "मला तिचं हे बोलणं आवडायचं नाही. मी म्हणायचे, तू जाऊन सांग ना सगळ्यांना. ती म्हणायची, उत्तर मला येतंय गं, ज्याचा पेपर आहे त्याने लिहायला नको का."

मी लेखाचे कागद पुढे केले. तिने ते घेतले, वाचले नाहीत, मेणबत्तीपाशी ठेवले. मी आणखी काहीतरी म्हणणार होतो. तेवढ्यात खालून, पोटॅशियमच्या खोलीतून, एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "करुणाऽऽ, पाणी आलं गं!" करुणा उठली. "सर, मला भरून घ्यायला पाहिजे, अर्धाच तास येतं," म्हणाली आणि मोरीत गेली. मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी बाईंच्या दारात, चौकटीला हात लावून उभा राहिलो. आत अंगठ्याएवढी धार हंड्यात पडत होती. आणि खालच्या घरात, त्याच पाइपावर, पाणी धडाधडा कोसळत होतं.